निवांत तळं

ता. १४, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे पत्राच्या पहिल्या ओळीत असतं तितकं ठीक. तुझ्या भावजयीचा खोकला गेला. माझा फटकळपणा तेवढा अजून औषधाला दाद देत नाही. ऑफिसात नेहमीचंच. साहेब उद्घाटनं करतात, मी त्यांची भाषणं आणि रस्त्यावरच्या पाट्या लिहितो. परवा एका वळणासाठी लिहिलं, "सावकाश जा, घरी कोणीतरी वाट पाहतंय." साहेब म्हणाले, "आणि कोणी पाहत नसेल तर?" म्हटलं, "तर जोरात जावं." हसले नाहीत.

फोन सोडून एवढं लांब पत्र का, असं तू विचारशीलच. फोनवर तू "बोल रे" म्हणालीस की माझ्या तोंडून कोटी बाहेर पडते आणि बोलायचं ते पोटातच राहतं. आज आमच्या ऑफिसची गाडी तुझ्या बाजूला निघाली आहे. ड्रायव्हर हे तुझ्या हातात देईल. आधी वाच, त्याला चहाचं मग विचार.

भाऊजींच्या पायांचं लिहिलंस. पोटऱ्यांपर्यंत पुरळ आलंय आणि डॉक्टर साबण बदला म्हणतात.

साबण बदलू नकोस, ताई. साबणाचा काही दोष नसावा.

भाऊजी ज्यात पाय सोडून बसतात, ते तळं म्हणजे तळं नाही. महामार्ग झाला तेव्हा उताराच्या टोकाला तो खड्डा मुद्दाम खणला. पाऊस पडला की रस्ता धुऊन निघतो. सांडलेलं डिझेल, इंजिनाचं तेल, टायरांची आणि ब्रेकची झीज, सगळं पाण्याबरोबर वाहत येतं. ते थेट ओढ्यात जाऊ नये म्हणून आधी तिथे थांबवतात. घाण खाली बसते, वरचं पाणी पुढे सोडतात. थोडक्यात, महामार्गाची मोरी आहे ती.

खड्डा आखणाऱ्या इंजिनिअर बाईंनी पाटीचा मजकूर तयारच दिला होता: "रस्त्यावरचं दूषित पाणी. उतरू नये. वापरू नये." साहेब म्हणाले, "पाहुणे फीत कापणार आणि फोटोत मागे 'दूषित'? काहीतरी गोड लिहा हो." गोड लिहिणं हाच माझा धंदा. मी लिहिलं, "निवांत तळं. घटकाभर टेका." वर स्वतःची समजूतही घातली, की खोटं काय त्यात? पाणी तिथे निवांतच बसतं, घाण खाली बसेपर्यंत. बाई पाटी वाचून म्हणाल्या, "लोक खरंच टेकतील हो." मी म्हणालो, "बाई, पाट्या वाचतं कोण?"

तू वाचलीस. शेजारी उभी राहून फोटो काढून घेतलास आणि सगळ्या गोतावळ्याला दाखवलास, "माझ्या भावाने लिहिलंय."

आणि भाऊजी टेकले. ट्रक चालवणं सुटल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस रोज संध्याकाळी काठाच्या बाकावर, पाण्यात पाय सोडून बसायला लागला. वरून जाणाऱ्या ट्रकांचे आवाज ओळखून घरी येऊन तुला सांगायला लागला, "आज एकाचा गिअरबॉक्स गेलाय, पुढच्या घाटात रडणार बघ." तू लिहिलंस, "तुझ्या तळ्याने माझा माणूस मला परत दिला." आता यावर खरं कसं सांगायचं, असा प्रश्न मी स्वतःला घातला आणि तो अवघड आहे म्हणून झोपलो. शांत झोप लागली, हे लिहिताना मान खाली जाते आहे.

ऊन पडलं की पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग उठतात, असंही तू लिहिलं होतंस. ते तेल असतं. मला वाचताक्षणी कळलं होतं. मी उलट लिहिलं, "ताई, तू तर कवयित्री झालीस!"

इथेच पत्र संपवलं तर मी अजूनही थोडा बरा माणूस ठरेन. पण भाजी राहिली.

तू गेल्या आठवड्यात जुडी पाठवलीस, सोबत चिठ्ठी, "तुझ्याच तळ्याच्या पाण्यावर वाढवली आहे." तुझी भावजय निवडायला बसली. मी जुडी उचलली.

"अहो, काय करताय?"

"किडकी आहे."

"कुठे किडकी? एका पानाला भोक नाही!"

"कीड शहाणी आहे," म्हणालो. तिने हात पुसले आणि जुडी परत ओढून घेतली. मग सगळं सांगावंच लागलं.

"मग वन्संना कळवलंत?"

"कळवतो."

"म्हणजे आपण ती कचऱ्याच्या डब्यात टाकायची आणि त्यांनी रोज ताटात वाढायची?"

मी भाजी डब्यात टाकली, साबण लावून हात धुतले, आणि तुला लिहिलं, "भाजी फक्कड झाली होती, सगळ्यांनी बोटं चाटली." तुला ते पत्र आवडलं, तू लगेच दुसरी जुडी पाठवलीस. ती आत्ता इथे टेबलावर आहे.

तेव्हा आज, हे वाचून होताच: परसातली भाजी उपटून टाक. शेजारणीला देतेस तीही बंद. ती कारण विचारेल, तर माझं नाव घेऊन सांग, आडपडदा ठेवू नकोस. भाऊजींचे पाय नळाच्या पाण्याने स्वच्छ धू, पुन्हा तळ्यात घालू देऊ नकोस आणि डॉक्टरांना हे पाणी कसलं ते सांग. फक्त त्यांचं तळं गेलं, हे त्यांना तू सांगू नकोस. ते माझं काम आहे. रविवारी येतो. बाईंच्या मजकुराची पाटी रंगवून घेतली आहे, साहेबांना विचारलेलं नाही. ती भाऊजींच्या देखत लावीन आणि मग त्यांची तयारी असेल तर आम्ही दोघं मिळून तळ्याकाठचा तो बाक वरच्या बांधावर नेऊ. तिथून पाणी दिसत नाही. ट्रक दिसतात.

ते नको म्हणाले, तर मी एकटाच ओढीन.

तुझा भाऊ

('तुझा भाऊ' ही पाटीही उतरवायची असेल, तर तसं सांग.)