आबांच्या गाडीला बूस्टर

आबा, तुमच्या गाडीला मी गेल्या महिन्यात ब्रेक हलका करणारा बूस्टर बसवून घेतला. तुम्ही असता तर नकोच म्हणाला असता, हे ठाऊक असल्यामुळे बरेच दिवस नुसती चालढकल केली. पण पावसाळ्यात माझा उजवा घोटा मोडला, आत धातूची पट्टी घातली आहे, आणि तुमच्या गाडीचा ब्रेक म्हणजे असल्या पायाचं काम नव्हे. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायचीच असेल तर हलक्या ब्रेकची चालवा. पुण्याहून भाऊ म्हणाला, विकून टाक, असल्या जुन्या गाड्या हौसेनं घेणारे लोक असतात. खालापूरच्या अंगणात ती ताडपत्रीखाली उभी, आणि आई रोज सकाळी तिच्या शेजारी तांदूळ निवडत बसलेली. शेवटी आईच म्हणाली, "चालवायची आसंल तर ठेव गं. नुसती झाकून ठेवायची आसंल तर देऊन टाक कुनाला. मला बगवत नाय."

तुम्ही मला शिकवलंत ते रविवार आठवतात. कारखान्याला सुट्टी, तुमच्या अंगावर ड्रायव्हरचा खाकी शर्ट नाही म्हणून तुम्ही जरा परके दिसताय, आणि रसायनीकडच्या मोकळ्या रस्त्यावर मी घाबरत घाबरत ब्रेक दाबतेय. गाडी थांबायची, पण मला हवी तिथे नाही, दोन म्हशी पुढे जाऊन. तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, "पाय पाव्हन्यासारखा नको ठेवू. सगळं आंग घाल त्याच्यावर." त्या काळातही गॅरेजवाले तुम्हाला बूस्टर सुचवायचे. कारखान्याने साहेबांची जुनी गाडी निकालात काढली तेव्हा तुम्ही ती विकत घेतलीत, लग्नाच्या वऱ्हाडांना भाड्याने देऊ लागलात, माणसं भरून ती घाट चढायची-उतरायची, त्यामुळे गॅरेजवाल्यांना काळजी वाटायची. तुमचं उत्तर ठरलेलं. "गाडी आन मी. मधी तिसरं कोन नको."

आणि मग तो लोणावळ्याहून उतरतानाचा दिवस. मागे आत्याचं कुटुंब, मी त्यांच्यात चेपलेली, पुढे तुम्ही आणि आई. उतारावर ब्रेक तापले, पेडल दगडासारखं झालं. तुम्ही गियर खाली घेतलात आणि सीटवरून अर्धे उठून पेडलवर उभेच राहिलात. गाडी घरघरत, अंगातून वास काढत, एकेक वळण उतरली. आत्या लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होती, तिला काही कळलंच नाही. खोपोलीत चहाच्या टपरीशी तुम्ही उतरलात, तेव्हा तुमची पोटरी पँटच्या आत थरथरत होती. मी बघतेय हे तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "थंडी वाजतीया." मे महिना होता, आबा. आईने तुमच्या हातातला ग्लास घेतला, कारण चहा सांडत होता.

तर खोपोलीचाच एक मिस्त्री मिळाला, साधारण माझ्या वयाचा. जुन्या गाडीत नवीन वस्तू बसवायला तो आधी तयार नव्हता. बॉनेटखाली जागा नाही म्हणाला, मग आपल्या अंगणात येऊन ती केली. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीचा जोर पायाच्या मदतीला येतो, असं त्याने समजावलं. "ताई, एकच सांगतो, उतारावर इंजिन बंद करायचं नाय. ती मदत लगेच संपते." तुम्ही पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करायचात ते आठवून मी मान खाली घातली. पत्रा कुठे गंजलाय का हे बघायला त्याने पायाखालच्या रबरी चटया उचलल्या. ड्रायव्हरकडची झिजलेली होती, ते ठीकच. पण डावीकडचीही झिजली होती, एकाच जागी, पार आरपार. "हिकडं कशानं झिजली? हिकडं तर पेडल नाय," तो म्हणाला.

आई दाराशी उभी होती. "ते माजं हाय," ती म्हणाली.

ती अगदी साधेपणाने सांगू लागली, "ते तिकडं दाबायचे, मी हिकडं दाबायची. घाटात तर दोनी पायांनी."

"आबांना माहीत होतं?"

"त्यांना कसं कळनार? ते समोर बगायचे ना. आन कळलं आसतं तर त्यांना वाटलं आसतं, हिला माज्यावर भरोसा नाय."

पुढचं ऐका. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला कुणीतरी आत बसून पेडल दाबावं लागतं. मिस्त्री एकटा, माझा पाय निकामी. त्याने आईकडे बघितलं, "मावशी, जमंल का?" आणि आई पदर खोचून तुमच्या जागेवर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गाडी जॅकवर उभी, तरी तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. खालून तो सांगतोय, "दाबा, मावशी. धरून ठेवा. आता सोडा." ती दाबतेय, धरतेय, सोडतेय. काम झालं तरी ती उतरायला तयार होईना. "अजून बग एकदा, हवा ऱ्हायली आसंल," असं तीच त्याला सांगत होती.

पहिल्या फेरीला मी तुम्ही शिकवलं तसं सगळं अंग घातलं, आणि गाडी जागच्या जागी गपकन थांबली. आईचा चष्मा मांडीवर पडला. दुसऱ्या वेळी नुसता पाय टेकवला. रविवारी कर्जतला मावशीकडे गेलो. थोडा वेळ आई रस्त्याकडे ताठ बसून बघत होती. पळसदरीच्या पुढे बघते, तर चपला काढून, पाय वर घेऊन ती झोपली होती. तुमच्या गाडीत तिला झोपलेली मी कधीच पाहिली नव्हती. कर्जतच्या चारफाट्याला मी गाडी इतकी हळू थांबवली की ती जागी झाली नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर वाटलं, तुमच्या फोटोसमोर वाचून दाखवावं. पण आई आतच असते, आणि शेवटची ओळ तिच्यासमोर माझ्याने वाचवणार नाही. गाडी आता मला जास्त आवडते, आबा. तुमची होती तेव्हापेक्षा.