चेअरमनला उठवण्याचं भाषण

३ मार्च, सकाळ.
ठरलं. यंदा क्नोरमान पंप कंपनीच्या वार्षिक सभेत चेअरमन डॉ. एल्समान यांना खुर्चीवरून उठवायचंच. चौदा वर्षं ठाण मांडून बसलेत! बारा वर्षांनंतर माणूस निःपक्षपाती राहत नाही, हे हल्ली जर्मनीतच काय, सगळ्या युरोपात मानतात. आपले एकतीस शेअर आहेत. तसे बायकोच्या, रोसविथाच्या नावावर. सासऱ्यांनी त्या कारखान्यात जन्म काढला, त्याचे. पण संसार एकच.

९ मार्च.
भाषण तयार. शेवटचं वाक्य : ‘सभ्य माणसाला उठायची वेळ झाली हे सांगावं लागत नाही.’ लिहिताना मलाच भरून आलं. बायकोला वाचून दाखवलं. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, छान आहे रे ओटो, आपल्या बागांच्या वसाहतीतही लाव की. प्रथमच कौतुक केलं.

१४ मार्च.
भाड्याच्या छोट्या बागांची आमची वसाहत, तिच्या नोटीस बोर्डावर लावलं. बोर्डाची किल्ली माझ्याचकडे. तेवीस वर्षं वसाहतीचा अध्यक्ष आहे, दुसऱ्या कुणाकडे असणार? सतरा नंबरच्या बागेतल्या फ्राऊ टीटजेन यांनी दोनदा वाचलं. त्यांचं झुडपांचं कुंपण नियमातल्या सव्वा मीटरपेक्षा चार सेंटिमीटर उंच, म्हणून गेल्या वर्षी मी तीन पत्रं धाडली होती. तरी म्हणाल्या, अहो ब्रेमेलसाहेब, अगदी आमच्या मनातलं लिहिलंत! एक प्रत मागून नेली. सत्यापुढे शत्रूही नमतो.

२८ मार्च.
कंपनीची सभा यंदा ऑनलाइन. म्हणजे सभेनंतरचं फुकटचं सॉसेज नाही, बटाट्याचं सॅलड नाही. मला घाबरले.

२२ एप्रिल, दुपार.
बोलायला दोन मिनिटं मिळाली. पहिलं मिनिट माझा माइकच बंद होता. दुसऱ्यात ‘सभ्य माणसाला’पर्यंत पोचलो. एल्समान म्हणाले, आभार, पुढचे कोण? चेहरा गोरामोरा झाला होता. स्क्रीनचाही दोष असेल. सत्त्याण्णव टक्के मतं त्यांना. हरकत नाही, उरलेल्या तीन टक्क्यांत आपण आहोत.

रात्री.
नाही आहोत. रोसविथाने आठवड्यापूर्वीच मत देऊन टाकलं होतं. एल्समानला! मी भडकलो. ती शांतपणे म्हणाली, बाबा गेले तेव्हा तो माणूस दफनाला आला, पावसात शेवटपर्यंत उभा राहिला. तू येऊन लगेच गेलास. कुंपणं मोजायची होती तुला.
मोजणीची ती तारीख आधीच जाहीर केली होती.

४ मे.
वसाहतीची वार्षिक सभा. अध्यक्षाची निवड दरवेळी पाच मिनिटांत उरकते. गुप्त मतदान मीच बंद केलंय, वेळ जातो. यंदा फ्राऊ टीटजेन बोलायला उभ्या राहिल्या. भाषण उत्तम होतं. पहिल्या परिच्छेदाला मी टाळ्याही वाजवल्या. मग ओळखलं. फक्त नाव बदललं होतं, आणि चौदाचे तेवीस केले होते. शेवटच्या वाक्याला सगळे माझ्याकडे बघत होते.
मी उठलो नाही. मग फ्राऊ टीटजेन यांना अध्यक्ष करायला हात वर झाले. एकेचाळीस विरुद्ध एक. रोसविथाचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, पण गेला.
बोर्डाची किल्ली दिली. फार वाईट वाटलं. वाटेत ती म्हणाली, भाषण मात्र खरंच चांगलं लिहिलं होतंस. मी म्हणालो, ते मला माहीत आहे.

११ मे.
नव्या अध्यक्षांचं पत्र. आमचं कुंपण सहा सेंटिमीटर जास्त उंच आहे म्हणे. साफ चूक. मी स्वतः फूटपट्टी घेऊन मोजलं. नऊ आहे.