मायनं पाणी काहून सोडलं

दादा,

तू कापूस घेऊन बाजारात गेला अन् मायची तब्येत लयच बिघडली. वैद्य म्हणतात, लघवी बंद झाली, आजची रात्र निघणार नाही. तिले गाडीत घालून हिवरखेडच्या दवाखान्यात नेऊन राहिलो.

तू हौसेनं अंगणात संडास बांधला, पण त्याचं दार अर्धंच, अन् समोर दिवसभर गाडीवान बसतात. तिथं जावं लागू नये म्हणून मायनं पाणीच सोडलं होतं. मले आज वहिनीनं सांगतलं.

पोरींसाठी तरी संडास मागं परसात ने. दार पुरं लाव, खड्डा झाक, राखेचं टोपलं ठेव.

आताही गाडीत मायपुढं पाण्याचा गडू धरला, तर गाडीवानाकडं पाहून म्हणते, "घरी गेल्यावर पिईन."

नत्थू