बेटावर मुद्दाम विसरलेलं

ता. २ मे

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे आत्ता घे, उरलेले तू ताळ्यावर आलास की पाठवीन.

आईने फर्मान काढलं आहे की तिच्याबद्दलचं भांडण यापुढे आपण फोनवर करायचं नाही, कागदावर करायचं. कागदावर माणसाला आरडाओरडा करता येत नाही, असं तिचं म्हणणं. माझं रागातलं अक्षर तिने पाहिलेलं नाही.

मुद्द्यावर येते. मेअखेर तिला घर सोडायचं आहे. बाबा गेल्यापासून ती त्या तिसऱ्या मजल्यावर एकटी, त्यात जिन्यात पडून गुडघा दुखावून घेतलेला. डॉक्टरांनी जिने बंद सांगितले आहेत. मी मागची खोली रंगवून घेतली, पलंग खिडकीशी लावला, पडदे स्वतः शिवले. तुझे भावोजी कधी नव्हे ते स्टुलावर चढून पडद्याची दांडी ठोकते झाले. आता राहिली फक्त आई. तिला विचारलं की एकच उत्तर, बघू.

तू तिकडून तिला तुझ्या इमारतीची लिफ्ट दाखवून भुलवतो आहेस ते मला कळलं. अरे, तू एकटा जीव, कुठे कुणाची लिफ्ट अडकली की ताटावरून उठून पळणारा. आई तुझ्या घरी भिंतींशी बोलणार का?

परवा तिच्याकडे राहून आले. ती बसतच नाही रे. स्वयंपाकघरातून खोलीत, खोलीतून गॅलरीत. कपाट उघडते, चादरी काढते, घड्या मोडते आणि पुन्हा त्याच घड्या घालते. हॉस्पिटलच्या कपडाखान्यात जन्म गेला तिचा, हातांना दुसरं काही सुचतच नाही. काय शोधतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही, हात हलते असले की बरं वाटतं. मला ते बघवत नाही. तिने माझ्याकडे यावं, मला ती हवी आहे, यात माझा स्वार्थ आहे आणि तो मी लपवत नाही.

उलट टपाली कळव.

तुझी,
ताई

ता. ७ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि. यातली विनंती एकच आहे, बाकी सगळं विशेष.

एका लिफ्टच्या माथ्यावर बसून लिहितो आहे. खालून सुटा भाग यायचा आहे आणि मला नुसतं बसवत नाही. आई बसत नाही म्हणून तू हैराण, पण आपल्या घरात बसणारं माणूस आहे कोण? बाबा बस चालवून आले की जेवेपर्यंत येरझाऱ्या घालायचे. मला भिंगरी नाव उगाच पडलं नाही, आणि तूही स्टुलावर भावोजींना चढवून खाली फेऱ्याच मारत असशील.

तर विनंती. आईला घर सोडण्याआधी आठवडाभर बेटावर नेऊ का? आपलं ते हॉटेल अजून चालू आहे. मी फोन केला तर खुद्द कप्तानीण बोलली. आता फार म्हातारी झाली असावी, पण मालकिणीचा दरारा तोच. नाव सांगायच्या आधी बाबांसारख्या आवाजावरून ओळखलं आणि विचारलं, जेवताना खुर्चीवर न टिकणारा तो तूच ना?

तेव्हापासून सगळं आठवतंय. लाँचच्या नाकाशी उभं राहायचं म्हणून आपण केलेली ढकलाढकली. अंथरुणातली वाळू. आणि बाबांचा तो नियम. निघायच्या सकाळी घरातल्या एकाने एक वस्तू तिथे मुद्दाम विसरायची. आपलं काहीच मागे राहिलं नाही तर आपण नुसते गिऱ्हाईक, असं ते म्हणायचे. पुढच्या वर्षी गेलं की कप्तानीण पत्र्याच्या पेटीतून ती वस्तू काढून हातात द्यायची. दरवर्षी एकाचा नंबर. माझा भोवरा, तुझी एका पायाची चप्पल. आईचा नंबर आला की मात्र ती म्हणायची, पुढच्या वर्षी. नेलेलं सगळं परत आलंच पाहिजे हा तिचा कपडाखान्याचा कायदा. दारातून बाहेर पडताना ती टॉवेलसुद्धा मोजायची. बाबा चिडवायचे की हिचा नंबर थकला आहे, व्याजासकट वसूल करू.

शेवटच्या वर्षी बाबा छत्री विसरले. नंतर तू मोठी झालीस, परीक्षा आल्या, बेट राहून गेलं. बाबांनी दुसरी छत्री घेतली नाही ती नाहीच. डेपोतून ओलेचिंब यायचे आणि सांगायचे, माझी छत्री बेटावर आहे, आणायला जायचंय.

मला ती छत्री बघायची आहे, ताई. हो म्हण.

तुझा,
भिंगरी

ता. ११ मे

चि. भिंगरीस,

अ. आ. रागावलेल्या माणसाचे आशीर्वादही लागू पडतात, तेव्हा घेऊन ठेव.

तुला सगळं गोड गोडच आठवतं. मला ती चप्पल विसरायचीच नव्हती. नवी होती, लाल पट्ट्याची. पुढल्या वर्षी मिळाली तेव्हा पाय मावेना, म्हणून मी ती चिडून पुन्हा पेटीत टाकून आले. शिवाय सुट्टीत सुद्धा बाबांच्या मागे किनाऱ्यावर फरपटत चालायचं, कारण बसले की त्यांना करमत नसे.

आणि आईची न् कप्तानिणीची लढाई विसरलास? पोचल्या पोचल्या आई पलंगावरची चादर उपसून काढायची आणि कोपरे दुमडून हॉस्पिटलच्या पद्धतीने पुन्हा घालायची. आपण समुद्रावर गेलो की कप्तानीण येऊन ती पुन्हा तिच्या पद्धतीने घालणार. संध्याकाळी आई परत उपसणार. दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलायच्या नाहीत. आठवडाभर ती बिचारी चादर काही निवांत पडली नाही. हे आठवून मला स्वयंपाकघरात एकटीला हसू आलं आणि मग रडूही आलं, ते का ते विचारू नकोस.

जा घेऊन. पण गुडघा सांभाळ, तळमजल्याची खोली घे. माझी अट एकच. तिथे तिला शांतपणे विचार, तुझ्याकडे की माझ्याकडे. तुझं नाव घेतलं तर मी तोंडातून ब्र काढणार नाही. माझं घेतलं तर लाँचवरून उतरून सरळ माझ्याकडे आण. मी सामान हलवायला टेम्पो सांगून ठेवते आहे.

छत्री मिळाली तर मलाही हातात घेऊ दे.

ताई

ता. १९ मे, बेटावरून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. इथे वारा एवढा आहे की कागद कोपराने दाबून लिहितोय.

पोचलो. सगळं लहान झालंय. ज्या पायऱ्यांवरून मी बहादुरीने उडी मारायचो त्या आई गुडघा धरूनही सहज उतरली. कप्तानीण दारातच उभी होती. बोटं पार वाकडी झाली आहेत तिची, चहाचा कपही दोन्ही हातांनी धरते. मदतीला येणारी बाई नुकतीच लेकीकडे कायमची निघून गेली. आईकडे तिने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाबांचं विचारलं. आईने सांगितलं. मग कप्तानिणीने तिला हाताला धरून आत नेलं.

मग पेटी आली. ताई, छत्री आहे. काळी, वाकड्या मुठीची. तुझी लाल पट्ट्याची चप्पलही आहे. मी छत्री उघडायला गेलो तर आईने हातातून काढून घेतली आणि खोलीत दाराच्या मागे टांगली, घरी टांगतात तशी.

आता लढाईचं ऐक. खोलीत शिरताच आईने चादर पाहिली. कप्तानिणीला आता कोपरे घालता येत नाहीत, चादर नुसती पसरलेली, एक कड जमिनीला टेकलेली. मला वाटलं आई खूष होईल, अखेर जिंकली. ती पलंगाच्या कडेला बसली आणि रडली. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी काय करावं ते न कळून बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिलो.

दुसऱ्या सकाळपासून ती कपाटापाशी. सगळ्या खोल्यांच्या चादरी बाहेर, विरलेल्या वेगळ्या, चांगल्या वेगळ्या, उशांचे अभ्रे सुईदोऱ्याने नीट केलेले. कप्तानीण खुर्चीत बसून चुका काढते, आई तिकडे दुर्लक्ष करते. मी म्हटलं, आई, आपण सुट्टीला आलोय. ती म्हणाली, हो, म्हणूनच.

तुझा प्रश्न विचारला. शांतपणे, तुझ्या हुकुमाप्रमाणे. तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, ओढायला सांगितलं, घडी घातली आणि म्हणाली, बघू. परवा निघतोय. तोवर पुन्हा विचारतो. मला काही चैन नाही.

तुझा,
भिंगरी

ता. २२ मे

ती. ताईस,

सा. न. आज विनंतीला तोंड नाही.

मी परत आलो, एकटा. आई ठणठणीत आहे, आधी तेवढं वाच आणि खाली बस.

काल सकाळी मी आमच्या दोन्ही बॅगा लाँचवर चढवल्या. आई धक्क्यावर कप्तानिणीचा निरोप घेत होती. मी सहज हाक मारून विचारलं, की काय ग, यंदा नंबर कुणाचा? तुझा तर थकलाय. ती म्हणाली, माझाच आहे, आणि विसरून झालंय. मी विचारलं, काय विसरलीस? तेवढ्यात दोरी सुटली. मला वाटलं मागच्या फळीवरून चढतेय, गर्दीत दिसत नाही एवढंच. लाँच वळल्यावर पाहतो तर ती तिथेच उभी, हातात बाबांची छत्री. तिने स्वतःकडे बोट दाखवलं.

मी खलाशाच्या अंगावर धावून गेलो की लाँच फिरवा, माझी आई राहिली. त्याने धक्क्याकडे पाहिलं आणि म्हणाला, त्या तर हात हलवतायत. तिची बॅग खुळखुळत होती म्हणून उघडली. तळाशी तुझ्या घरची म्हणून तू दिलेली शाल, नीट घडी घातलेली, आणि तिच्या जुन्या घराची किल्ली. बाकी कपडे तिने आधीच तिथल्या कपाटात ठेवले होते. जड लागावी म्हणून बॅगेत शंख भरले होते, ताई! आपल्या आईने! आयुष्यात कुणाची टाचणी इकडची तिकडे न केलेल्या बाईने!

परतीच्या लाँचने उलट जाणार होतो. फोन केला तर कप्तानिणीने सांगितलं की ती कपडे वाळत घालते आहे, आत्ता येणार नाही. मला राग आला आहे, हसूही येतंय, आणि आपण तिला पोसायला कमी पडलो असतो का असंही वाटतंय. तू लिही तिला. तुझं ऐकेल.

भिंगरी

ता. २३ मे

ती. आईस,

शि. सा. न. नमस्कार वाकून केला आहे, पण मान अजून ताठ आहे.

टेम्पो दारात येऊन उभा होता. त्याला काय सांगू, आई कुठे आहे? शेजारीण विचारते, तिला काय सांगू? दोन मुलं धडधाकट असताना आमची आई परक्याच्या चादरी घालते? खोलीला रंगाचा वास होता म्हणून मी रोज खिडक्या उघडत होते, तुला त्रास नको म्हणून. तू नाही म्हणाली असतीस तर चाललं असतं. बघू बघू म्हणत फसवलंस.

बाबा गेले, आता तुझ्याजवळ थोडं बसावं एवढंच मनात होतं. तुला माझ्याकडे यायचं नव्हतं का? एवढंच खरं सांग. मग मी पुन्हा विचारणार नाही.

तुझी,
ताई

ता. २८ मे, बेटावरून

चि. ताई आणि चि. भिंगरी,

दोघांना आशीर्वाद सारखेच आहेत, हवे तर मोजून घ्या.

ताई, पहिलं तुझं. तुझ्याकडे यायचं होतं. भिंगरीकडेही यायचं होतं. तुमच्या दोघांच्या घरी माझ्यासाठी खोली होती. पण मी तिथे दिवसभर काय करणार, ते तुम्ही दोघांनी रंगवलं नव्हतं. नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही, तू पडदे दाखवत होतीस ना. म्हणून बघू म्हणाले. ते चुकलं. टेम्पोवाल्याला सांग, म्हातारी विसराळू झाली.

इथे मी परक्याच्या चादरी घालत नाही. आठ वर्षं एका बाईशी मी चादरीच्या कोपऱ्यांवरून भांडले, तिला परकी कसं म्हणू? तिचे हात गेले, माझे शाबूत आहेत. तिचा गुडघा चांगला आहे, माझा गेला. दोघी मिळून एक धड बाई होते. पावसाळा संपेपर्यंत राहते, मग थंडीत तुझ्या खोलीत येईन. रंगाचा वासही गेलेला असेल.

सगळं छान चाललंय असं लिहिणार होते, पण तू खरं सांग म्हणालीस. मला इथेही करमत नाही. पहाटे जाग येते आणि तुमचे बाबा वाळूत येरझाऱ्या घालताहेत असं वाटून मी व्हरांड्यात येते. तिथल्या घरीही असंच व्हायचं, पण तिथे मग दिवस सुरू व्हायचा नाही. इथे धुणं असतं.

ती छत्री भिंगरीबरोबर दिली नाही, कारण ती घरी आली असती तर पुन्हा इथे यायला आपल्याला कारण उरलं नसतं. तुमच्या बाबांना हे ठाऊक होतं. अरे, बस चालवणाऱ्या माणसाला एक छत्री परवडत नव्हती का? ते भिजत राहिले कारण छत्री घेतली की बेट संपलं. मी मात्र दर पावसाळ्यात त्यांचं डोकं पुसत कटकट केली.

काल थोडी सर आली तेव्हा छत्री उघडली. काड्या गंजल्यात, एका बाजूला भोक आहे, पण उघडते. तीच घेऊन दुपारच्या लाँचला धक्क्यावर जाऊन उभी राहिले. उगाच. कोणी येणार नव्हतं, ते मला माहीत होतं. डावा खांदा भिजला.

शनिवारी त्याच वेळेला पुन्हा जाणार आहे. ताई, तुझी चप्पल मी पाठवणार नाही, येऊन घे. यंदा नंबर माझा झाला, पुढचा तुझा. लोभ इथेच ठेवला आहे, न्यायला या.

तुमची,
आई