तंबू बदलायला जातो आहे

जावईबापू,

तंबू परत करायला दुकानात निघालो आहे. खोक्यात पुन्हा मावेना, म्हणून चादरीत बांधून नेतोय.

काल तुम्ही महिनाभर माहिती काढून सहा जणांचा तंबू पसंत केलात आणि मी दुकानदारादेखत म्हणालो, "आमची मुलगी पसंत करताना एवढी चौकशी केली नव्हती तुम्ही." दुकानदार हसला, तुमची मुलंही हसली. तुम्ही एवढंच म्हणालात, "बाबा, तुम्हीच निवडा." मी दहा जणांचा, हवा भरायचा निवडला. आज हॉलमध्ये फुगवून पाहिला, तर तुमच्या सासूबाई अर्धा तास स्वयंपाकघरात अडकल्या. त्या काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही.

वर्तमानपत्राच्या विनोदी सदरात लोकांची टर उडवण्याचा मला तीस वर्षं पगार मिळाला. पगार थांबला, खोड राहिली. माझं चुकलं.

तुम्हाला ऑफिसचं काम निघालं, सहलीला येणं जमणार नाही, असं मुलगी म्हणाली. काम खरं असेल तर नाइलाज आहे. नसेल तर या. मी तुमचाच तंबू आणतो आहे. त्यात आम्ही पाचच जण झोपलो, तर सहावी जागा रात्रभर मलाच दिसत राहील.

— सासरे