माझा चष्मा आकारामला

मी, धोंडीराम सटवा कांबळे, एसटीचा निवृत्त कंडक्टर, राहणार नेसरी, तालुका गडहिंग्लज, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण नुसत्या माझ्या शब्दावर सरकारने कधी विश्वास ठेवलेला नाही.

१. राहते घर व पोस्टातली ठेव सून मनाली हिला. पुतण्या अतुल याला काही नाही. "काका, मेलेला परत येतोय व्हय? मिटवा की," असे सांगायला तो फौजदाराच्या जीपमधून उतरला होता. त्याने जीपमधूनच हिंडावे.

२. आयोगाकडची माझी तक्रार नात दीक्षा हिला. माझा मुलगा प्रसेनजीत याला १९९९ साली पाण्याची मोटर चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी नेले आणि कोठडीत मारून टाकले. अशा अत्याचारांच्या चौकशीसाठीच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाकडे मी गेलो. त्याने माझा अर्ज पोलिसांच्या वरिष्ठांकडे धाडला, वरिष्ठांनी ठाण्याकडे, आणि ज्याने मारले तोच फौजदार माझा जबाब घ्यायला दारात आला. "पावणं, माझ्यावर संशय हाय व्हय तुमचा?" असे त्याने माझाच चहा पीत विचारले. कुंपणाने शेत खाल्ले का, हे यांनी कुंपणालाच विचारले. एसटीत कंडक्टरची तक्रार झाली तर चौकशीला दुसरा माणूस येतो. आयोगातल्या साहेबांना तेवढीही अक्कल नाही.

संडासात घसरून पडला, पंचांना अंगावर मार दिसला नाही, हा फौजदाराचा अहवाल आयोगाने गोड मानून घेतला. नवा पुरावा आणा म्हणाले. तक्रारदार वारला की फाईल बंद होते, हे तिथल्या कारकुनाने माझे वय विचारून सांगितले. दीक्षा एकोणीस वर्षांची आहे. बसा म्हणावे वाट बघत.

३. तिकिटाला भोक पाडायचा माझा जुना चिमटा आयोगाला भेट. आलेला कागद टोचून पुढे ढकलायला बरा पडेल.

४. माझा चष्मा शेजारी आकाराम देसाई याला. पंचनाम्याचा पंच तोच. प्रसेनजीतची उघडी पाठ त्याने माझ्या शेजारी उभे राहून पाहिली आणि फौजदाराने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर सही ठोकली. पंचाची सही आधी, मजकूर मागून, अशी आमच्याकडची रीत. मला त्याचा आजही राग येतो.

५. साक्षीला आज मुद्दाम आकारामलाच बोलावले आहे. सहीआधी त्याने हे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे. जन्मात एकदा तरी वाचून सही करावी.

नेसरी, ९ सप्टेंबर २००७
(सही) धोंडीराम सटवा कांबळे

आमच्यासमोर सही झाली:

१. (सही) गणपतराव भाऊ नाईक, नेसरी

२. (सही) आकाराम रामू देसाई, नेसरी. समदं वाचून सही केली हाय. प्रसेनजीतच्या पाठीवर वळ हुतं. म्या बघितल्यालं. दीक्षा म्हणंल तितं येऊन सांगतो. चष्मा नको.