सोफ्याच्या पिना आणि चिलखती गाडीबद्दलचे जनमत

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक,
शहर मुख्यालय

विषय : भावाच्या शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करू देणेबाबत.
संदर्भ : आपले 'चिलखती गाडी : नागरिकांचे मत' हे पत्रक.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवतो की, मी व माझा धाकटा भाऊ सोफे दुरुस्त करतो. लाकडावर कापड ठोकायला आमच्याकडे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारे पिनांचे यंत्र आहे. त्याचा आवाज ठाड-ठाड-ठाड असा येतो. अकरा वर्षांत त्याबद्दल समोरचा इस्त्रीवाला सोडून कोणाची तक्रार नव्हती.

२. मंगळवारी सकाळी आपले पथक लष्कराकडून मिळालेली गाडी घेऊन लोकांचे मत विचारायला आमच्या गल्लीत आले. मत अनुकूल होते. गाडी गल्लीला शोभते, असे इस्त्रीवाल्याने लिहून दिले. तेवढ्यात भावाने एका सोफ्याची पाठ ठोकायला घेतली.

३. पथकाने प्रत्युत्तर दिले. गाडी शटरसकट आत आली. मागोमाग धूर, मग गोळ्या. सोफ्याला सतरा लागल्या, भावाला दोन. एक मांडीतून आरपार गेली, दुसरीने गुडघ्याची वाटी फोडली. इस्त्रीवाल्याचा कान उडाला. त्याचे मत आधीच जमा झाले असल्याने ते अनुकूलच धरले आहे. मी रेक्झिनच्या पट्टीने मांडी आवळत असताना भाऊ म्हणाला, "दादा, आधी कॉम्प्रेसर बंद कर, नाहीतर हे परत सुरू होतील." मी उठणार तोच बंदुकीचा दस्ता माझ्या दातांवर बसला. कॉम्प्रेसर धडधडला आणि ते परत सुरू झाले. तिसरी गोळी भावाच्या त्याच पायाच्या घोट्यात आहे.

४. भावावर पथकावर हल्ला केल्याचा गुन्हा आहे. इस्पितळात त्याचा चांगला पाय साखळीने खाटेला बांधला आहे. दुसरा आज चार वाजेपर्यंत कापला नाही तर भाऊ जगणार नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. त्यासाठी नातेवाइकाची सही लागते. दारावरचे हवालदार मला आत सोडत नाहीत. गल्लीतून फक्त माझे पत्रक यायचे राहिले आहे. ते म्हणाले, "काका, तुमचा कागद आणा, मग आत जा. आम्हालाही वर उत्तर द्यावं लागतं."

५. पत्रकात 'समाधानी', 'अतिशय समाधानी' आणि 'सांगता येत नाही' असे तीन पर्याय आहेत. माझ्या तोंडाच्या सध्याच्या अवस्थेत तिसरा खरा आहे, परंतु हवालदार तो मोजत नाहीत. पहिल्या दोहोंपैकी कोणत्याने दार लवकर उघडते, हे त्यांनाही ठाऊक नाही.

६. सबब, पत्रकावर सही करून ते कोरेच जोडत आहे. आपणांस योग्य वाटेल तिथे खूण करून घ्यावी, माझी हरकत नाही. संमतीपत्रावरची सही मात्र मलाच करू द्यावी. आता पावणेतीन वाजले आहेत.

आपल्या फाटकाबाहेर उभा असलेला,
सोफेवाला (थोरला)
गुरुवार

सोबत :
१) मतपत्रक, सही केलेले
२) डॉक्टरांची चिठ्ठी (डाग रक्ताचे आहेत, मजकूर वाचता येतो)